नापास व्हायची फी

पेणच्या नाक्यावर चार ड्रायव्हर जमले की आधी डिझेलवर बोलतात, मग पोलिसांवर, आणि चहा आला की मेडिकलवर. डिझेलचं आणि पोलिसांचं रडगाणं तेच ते असतं. मेडिकलचं तसं नाही. तिथे दर वर्षी नवीन माल भरला जातो आणि जुना उतरत नाही. माझी गाडी आता ओव्हरलोड झालीय, म्हणून थोडा माल इथे उतरवतो.

मी हिराजी. बाप मिठागरात, मी ट्रकवर. शाळेत मास्तरांच्या खुर्चीला कच्च्या चिक्कूचा चीक चोळला, तिथेच माझं शिक्षण संपलं. आमच्या शेठच्या गाड्या किनाऱ्यावर माल टाकतात. नागावला टाईल्स, काशीदला सिमेंट, दिवेआगरला पत्रे. वादळाच्या वर्षी तर पत्र्यांच्या एवढ्या फेऱ्या झाल्या की गाडीला रस्ता पाठ झाला होता. जिथे नारळ होते तिथे आता होमस्टे उभे आहेत, आणि त्यांच्या भिंतीतलं अर्धं सिमेंट आम्ही चौघांनी वाहिलं. मी, रफिकभाय, मिलिंद आणि नामदेव. रफिकभाय म्हणजे पाच वेळा नमाज आणि पन्नास वेळा चहा. मिलिंद आमच्यातला शिकलेला, बारावी पास, त्यामुळे सगळ्यांच्या शिव्या खाणारा. आणि नामदेव. नामदेवचं पुढे येईलच. हे सगळं त्याचंच आहे.

* * *

पूर्वी मेडिकल म्हणजे आमचे म्हातारे डॉक्टर. लायसन रिन्यू करायचं असलं की त्यांच्या दवाखान्यात जायचं. दवाखाना एका अशा गल्लीत की समोरून म्हैस आली तर माणसानं घरात शिरावं. डॉक्टरांचा नियम एकच. ट्रक घेऊन यायचं आणि गल्लीत रिव्हर्स घालायचा, दवाखान्याच्या पायरीपर्यंत. ते आपले खिडकीत बसून चहा प्यायचे. गटाराची फरशी फुटली नाही, कुणाच्या तुळशीला धक्का लागला नाही, की सही.

मिलिंद पहिल्यांदा गेला तेव्हा म्हणाला, डॉक्टर, नाडी तरी बघा. डॉक्टर म्हणाले, "नाडी तुझी बायको बघेल. मला तू रस्त्यावर किती लोक मारशील ते बघायचंय."

फी म्हणजे चहापाण्याचे पैसे. वाडीतला नारळ दिला तर तेही घ्यायचे नाहीत. शेजारच्या म्हातारीची पायरी कोणी उडवली तर मात्र त्याचा कागद वर्षभर मिळायचा नाही, कलेक्टरची चिठ्ठी आणली तरी.

ते गेले. गल्लीत आता मोटरसायकली लागतात.

* * *

मग आलं पॅकेज. आम्ही जिथून सिमेंट उचलतो त्या गोडाऊनवाल्यांनी गेटवर बोर्ड लावला की वर्षाचं मेडिकल असल्याशिवाय गाडी आत नाही. रक्त, लघवी, छातीची ईसीजीची पट्टी, डोळे, कान, सगळं पनवेलच्या एका सेंटरमध्ये. शेठ फार मोठ्या मनाचे. म्हणाले, पैसे मी भरतो. भरलेही. आणि आमच्या पगारातून कापले.

फी दिसते ती एवढीशी. न दिसणारी मोठी. एक दिवस गाडी उभी, म्हणजे फेरीचा भत्ता गेला. सकाळी उपाशी यायला सांगतात आणि रक्त घेणारा पोरगा पोटभर नाष्टा करून दुपारी उगवतो. पहिल्या वर्षी आम्ही बाकड्यावर बसून एकमेकांकडे वडे बघावे तसे बघत होतो. मिलिंदला चक्कर आली. नामदेव तर सारखा उठून पाणी प्यायचा आणि सारखा मोरीत जायचा.

रमजान चालू होता. रफिकभाय पहाटेची सहेरी करून आलेला, ताजातवाना, दाढीवरून हात फिरवत बसलेला. आमचं कण्हणं ऐकून म्हणाला, "महिनाभर मी काय बोलतो का? तुम्ही अर्ध्या दिवसात मयताला आल्यासारखे बसलात."

त्याला चिडवायला मी खिशातला लाडू काढून त्याच्या नाकाखाली धरला. त्यानं डोळे मिटले. लाडू मिलिंदनं खाल्ला. त्याची साखर त्या दिवशी एवढी आली की पोरग्यानं मशीन बदलून बघितलं. पुन्हा टेस्ट. पुन्हा फी. मिलिंदला तो लाडू आजपर्यंत पचला नाही.

* * *

ड्रायव्हरचा उजवा कान लवकर जातो. खिडकी त्या बाजूला, समोरच्याचा हॉर्न त्या बाजूला. आमच्या नाक्यावर बघा, बाकड्यावर सगळे तिरके बसतात, बोलणाऱ्याकडे डावा कान करून. नवीन माणसाला वाटतं आमचं भांडण झालंय.

रफिकभायचा उजवा कान म्हणजे नुसती शोभा. कानाची टेस्ट अशी की डावा कान बोटानं बंद करायचा, डॉक्टर मागे उभे राहून हळू बोलतात, आपण ते परत म्हणायचं. डॉक्टर तरुण, गरीब स्वभावाचे, डोळ्याखाली काळी वर्तुळं. हळू म्हणाले, "पनवेल." रफिकभाय गप्प. "पाऊस." गप्प. "नारळ." रफिकभाय भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय. मी दारातून खुणा करत होतो, पण त्या मुद्दाम चुकीच्या. नारळाला मी डोक्यावर पदर घेतला.

डॉक्टर वैतागले. तेवढ्याच हळू आवाजात स्वतःशीच पुटपुटले, "ह्याची फी माफ करून घरी पाठवावा."

रफिकभाय गर्रकन वळला. "खरंच माफ, डॉक्टरसाब?"

पास झाला. फी माफ झाली नाही.

* * *

आता बाटलीचा किस्सा. हा सांगताना मी हसतो. हसलं पाहिजे म्हणून हसतो.

दुसऱ्या वर्षी अफवा उठली की लघवीत आदल्या दिवसाची दारू सापडते. मी आणि मिलिंद गार झालो. रफिकभाय पीत नाही, पण त्याला गोड फार आवडतं, तोही घाबरला. आमच्यात एकच माणूस धडधाकट. नामदेव. कबड्डीतला जुना गडी, दारू नाही, तंबाखू नाही, सिमेंटच्या दोन गोणी दोन बगलेत घेऊन चालणारा. शिवाय लघवी भरपूर. दर अर्ध्या तासाला गाडी बाजूला. आम्ही म्हणायचो, बघा, तब्येत असावी तर अशी.

ठरलं. नामदेवनं आत जायचं आणि सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. तो बिचारा हो म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवयच नाही. चारही बाटल्या भरल्या आणि वर म्हणाला, "अजून कोनाला पायजे?"

संध्याकाळी रिपोर्ट आले. चौघांच्या लघवीत साखर. साधी नाही, पाकच.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुन्हा टेस्ट, ज्याची त्याची, पुन्हा ज्याची त्याची फी. तिघांच्या लघवीत काही निघालं नाही. दारूसुद्धा नाही, अफवाच होती.

नामदेवच्या रक्तातही साखर निघाली, कोण जाणे किती वर्षांची; पहिल्या वर्षीच्या रिपोर्टात मात्र सगळं नॉर्मल छापलेलं. तो बाहेर आला आणि आमच्यापुढे उभा राहिला, मान खाली घालून. म्हणाला, "माज्यामुलं तुमाला परत भरावं लागलं. माफ करा."

* * *

गोळ्या चालू झाल्या. मी नाक्यावर त्याचा चहा ओरडून सांगायचो, "एक बिनसाखरेचा, शेठच्या जावयाला!" तो हसायचा.

पुढच्या मेडिकलला डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? नामदेव म्हणाला, गेला महिना घेतल्या नाहीत. डॉक्टर रागावले, का नाही घेतल्या? नामदेवनं सरळ सांगितलं, "ह्या मेडिकलला पैसे पायजे व्हते ना, सायेब."

डॉक्टर थोडा वेळ पेनाशी खेळले आणि म्हणाले, पुढचा.

पुढचा मी होतो. मी म्हटलं, माझ्या गोळ्यांचे पैसे पण तुमच्याकडेच आहेत, पण मला आजार अजून सापडायचाय. ते हसले नाहीत.

* * *

साखर डोळ्यात उतरली. नामदेव आधी आरशाला नावं ठेवायचा, मग काचेला, मग धुक्याला. एप्रिलमध्ये धुकं.

शेठच्या गाडीवर राहायचं तर डोळ्यांच्या तक्त्याला पास व्हायला पाहिजे. तक्ता इंग्रजी अक्षरांचा, वर एक मोठं, खाली बारीक बारीक होत जाणारी. मिलिंदनं रांगेत उभ्या उभ्या तो कागदावर उतरवून आणला. पण नामदेवला पाठ होईना. त्याला इंग्रजी येत नाही, आणि मराठीशी पण त्याचं माझ्यासारखंच.

तेव्हा पुढे आली त्याची बायको, सुगंधा वैनी. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नं तीच लावते. हळदीपासून पाठवणीपर्यंत ज्या विधीला जो धवला लागतो तो गाते, बसल्या जागी, कागदाशिवाय. ती मिलिंदला म्हणाली, "तू नुसता वाच रं बाला, मी चालीत बसवतं."

आणि बसवला तिनं. मांडवात पहिली एकटी ई आली, तिच्या मागं एफ नि पी दोघी जावा, मग टी ओ झेड हळद घेऊन, एल पी ई डी पाण्याचे हंडे घेऊन, अशी सगळी वरात खालच्या बारीक ओळीपर्यंत. नामदेव गाडी चालवताना ती वरात गुणगुणायचा. आम्हालाही पाठ झाली. मेडिकलच्या दिवशी आम्ही चौघेही एकाच चालीत तक्ता वाचून आलो. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही सगळे एकाच गावचे का?"

नामदेव पास. दोन्ही डोळे उत्तम, असं लिहून मिळालं. वैनीनं नाक्यावर सगळ्यांना पोळ्या वाटल्या. मी म्हटलं, वैनी, आता ह्याला रस्ता पण चालीत बसवून दे.

कोणी हसलं नाही. माझ्याच्यानंही पुढे हसवेना.

* * *

नागावच्या आत रस्ता वाड्यांमधून जातो, दोन्हीकडे सुपारीची झाडं. एकदा तिथे नामदेवनं ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं आणि बसून राहिला. मागे मुंबईच्या गाड्यांची रांग, पर्यटक हॉर्न मारतायत. मी मागून धावत गेलो. विचारलं, काय झालं? म्हणाला, गुरं बसलीत रस्त्यात, उठू दे. रस्त्यात सुपारीच्या सावल्या होत्या.

मी त्या सावल्यांना हैक हैक करून हाकललं. टाळ्या वाजवल्या. म्हटलं, उठली, चल. तो निघाला. नाक्यावर मी हे रंगवून सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले, नामदेव सुद्धा.

महिन्याभरानं काशीदच्या वळणावर त्याला पुन्हा रस्त्यात काळं दिसलं. ह्या वेळी तो थांबला नाही. सावलीला थांबलो तर हिराजी दादूस हसतो, हे त्याच्या डोक्यात.

ती टोपली होती. मासे विकून येणाऱ्या कोळणीनं रस्त्याच्या कडेला ठेवलेली. ती स्वतः हातभर लांब उभी, सुटलेला अंबाडा बांधत. चाक टोपलीवरून गेलं. उरलेली सुरमई आणि बांगडे रस्त्याला चिकटले. बाई घाबरून खाली बसली आणि मग उठून तिनं नामदेवच्या सात पिढ्यांची जी पूजा बांधली ती काशीदच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू गेली असेल.

नामदेवनं ती सांगेल तेवढे पैसे दिले आणि चिरडलेली मासळी गोळा करून आणली. टाकायची कशी? मिलिंदनं धुऊन कालवण केलं. दाताखाली खडी येत होती. मी म्हटलं, वा, डांबरी मसाला. आम्ही हसत हसत जेवलो.

नामदेव जेवला नाही. हात धुवायच्या जागेशी बसून होता. मी ताट घेऊन गेलो तर म्हणाला, "दादूस, ती अंबाडा बांधाया उठली नसती तं?"

* * *

दुसऱ्या दिवशी तो शेठकडे गेला. गाडी सोडतो, गोडाऊनवर वजनकाट्यापाशी बसवा, म्हणाला. शेठ म्हणाले, "नामदेव, नियम आहे. डॉक्टरनं अनफिट लिहून दिलं तर तुला काट्यावर बसवीन, शब्द माझा. स्वतःहून सोडलीस तर तुझा तू मोकळा."

शेठचा शब्द एकदम पक्का होता, कारण त्यांना ठाऊक होतं. त्या सेंटरमधून आजवर शेवटी कोणी नापास राहिलेला नव्हता. पैसे भरेपर्यंत नापास, भरले की पास.

माझंही मेडिकल बाकी होतं. मी त्याला माझ्या गाडीतून पनवेलला घेऊन गेलो. त्याची फी कापलेली, माझी कापलेली, रक्त झालं, लघवी झाली, ज्याची त्याची. डोळ्यांच्या खोलीत डॉक्टर दोघा दोघांना आत घेत होते.

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "वाचा वरून."

"काय वाचू?"

"समोरचं."

"समोर काय हाय, सायेब?"

डॉक्टर म्हणाले, मस्करी नको, बाहेर रांग आहे. नामदेव म्हणाला, मस्करी हा करतो, माझ्याकडे बोट दाखवून. बोट कपाटाकडे गेलं. "मना भिंत पांढरी दिसतंय. बाकी काय न्हाय."

डॉक्टरांनी समोरचा कागद उचलला. रिपोर्ट छापून तयार होता, सकाळीच, आम्ही पोचायच्या आधी. त्यात दोन्ही डोळे उत्तम, खाली फिट. नुसती सही बाकी. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून बघितला.

मी म्हटलं, "बघ नामदेव, कागदाला दिसतंय."

डॉक्टरांचे कान लाल झाले. म्हणाले, गेल्या वर्षीचं बघून छापतात, मी एकटा किती बघणार. मग म्हणाले, तुमच्या शेठचा फोन येऊन गेला, गाडी भरून उभी आहे, अनफिट दिलं तर पुढचं सगळं पॅकेज दुसरीकडे जाईल. चांगला चष्मा करा, दिवसाच चालवा, मी फिट देतो. आणि पेन उघडलं.

नामदेवनं विचारलं, "सायेब, तुमची गाडी हाय का?"

"आहे. खाली. का?"

"चावी द्या. बाजारातून एक फेरी मारून आणतो."

डॉक्टर हसले. नामदेवनं हात पुढे केला. हात डॉक्टरांकडे नव्हता, टेबलाच्या पलीकडे, पंख्याकडे होता. तो तसाच धरून उभा. टेबलावर चावी पडलेली, तिला लहान पोरीच्या खेळण्यातली बाहुली अडकवलेली.

"शाला सुटायचा टायम हाय," नामदेव म्हणाला. "पोर असंल शालेत तं त्याला पन घेऊन येतो. मी फिट हाय ना?"

डॉक्टरांनी चावी उचलली आणि खिशात घातली. पंखा फिरत होता. मग त्यांनी छापलेला कागद फाडला, कोरा घेतला आणि हातानं लिहायला सुरुवात केली.

बाहेर काउंटरवरच्या पोरीनं कागद बघितला आणि म्हणाली, रिपोर्ट नवीन आहे, नवीन पावती लागेल. मी भांडायला पुढे झालो. नामदेवनं मला कोपरानं मागे सारलं. पाकिटातल्या नोटा काढून तो त्यांच्या कडा अंगठ्यानं चाचपत होता, लांबी बघून.

"घे बाय," तो म्हणाला. "पास व्हायला लय येला भरले. नापास व्हायला पयल्यांदाच भरतोय. पावती नीट फाड."

माझं? मी फिट. मला काही विचारू नका.

खाली आलो तर सवयीनं तो माझ्या ट्रकच्या उजव्या दाराशी गेला. त्याचं त्यालाच कळलं. बोनेटला हात लावत लावत पलीकडे गेला आणि क्लीनरच्या सीटवर चढून बसला, मांडीवर कागद.

पेणचा रस्ता लागल्यावर तो हळूच गाऊ लागला. मांडवात पहिली एकटी ई आली. तिच्या मागं दोघी जावा. मग हळद घेऊन, मग हंडे घेऊन. खालच्या बारीक ओळीपर्यंत गायला. एक अक्षर चुकलं नाही.